बघणारा बैल

"अहो… ओ… ठेवा ते खाली! औषध हाय ते!"

सत्यभामा दचकली नाही. ती दचकणाऱ्यांतली नव्हतीच. चारा छावणीच्या टोकाला जनावरांच्या दवाखान्याची ताडपत्री होती. तिच्यामागच्या कचऱ्याच्या खड्ड्याशी उकिडवी बसून ती एका काडीनं गोळ्यांची रिकामी पाकिटं उचलत होती. एखादी सुई-बिई टोचू नये म्हणून काडी, आणि वर हाताला ओढणी गुंडाळलेली.

"औषध न्हाई, रिकामी पाकिटं हायेत," मान वर न करता ती म्हणाली. "औषध गेलं ज्याच्या त्याच्या पोटात. मला डोळे पाहिजेत."

"डोळे?"

मग तिनं वर बघितलं. उंच, सावळा, शर्टाच्या खिशात थर्मामीटर, बुटांवर पांढरी धूळ. दोन दिवसांपूर्वी दूध संघानं जनावरांसाठी माणूस पाठवलाय असं तिनं ऐकलं होतं. तो हाच असणार. चेहऱ्यावर राग आणायचा त्याचा प्रयत्न चालला होता, पण राग काही येत नव्हता.

सत्यभामानं पिशवीतून एक जुना मोजा काढला आणि हातात चढवला. मोज्याला दोन कान होते, लाल चिंधीची जीभ होती, आणि गोळीच्या पाकिटातले दोन पारदर्शक फुगे कापून डोळ्यांच्या जागी चिकटवलेले होते. आत एकेक मोहरी. तिनं मनगट हलवलं तशा मोहऱ्या टपटप इकडून तिकडं पळाल्या. मोज्याच्या गाईनं आधी आभाळाकडं पाहिलं, मग जमिनीकडं, आणि मग थेट त्याच्याकडं.

तो हसला. अगदी मोकळा, जनावरं वळून बघतील असा.

"अंगणवाडीच्या लेकरांसाठी," ती म्हणाली. "सगळी लेकरं आईबापांसंग छावणीतच राहतात ना आता. बाजारात असल्या डोळ्यांची बाहुली शंभराला. ही फुकट." बोलता बोलता तिनं दोन्ही डोळे तीन-तीनदा ओढून बघितले. ती तिची सवय होती. लेकराच्या हाती खेळणं दिलं की ते आधी तोंडात जातं. मोहरी पोटात गेली तर एकवेळ चालेल, नाकात गेली म्हणजे?

"नाव काय म्हणायचं तुमचं?" त्यानं विचारलं.

"सत्यभामा."

"मी राधाकिशन. दिंद्रुडचा."

"मग अवघड हाय," ती पटकन बोलून गेली. "नावातच राधा घेऊन हिंडणाऱ्याचं न् सत्यभामेचं कधी पटलंय?"

बोलल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पाकिटं पिशवीत कोंबून ती निघाली, मागं न बघता. मागं न बघणं किती कठीण असतं, ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

दुसऱ्या सकाळी अंगणवाडीच्या ताडपत्रीच्या खिळ्याला एक पुडकं लटकत होतं. आत वीस-पंचवीस रिकामी पाकिटं, धुऊन पुसून, रबर लावून बांधलेली. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. तिसऱ्या दिवशी परत. मग रोजच. केजला औषधं आणायला गेला की मेडिकलवाल्याकडून तो पाकिटं मागून आणतो, असं पाशाभाईनं सांगितलं. पाशाभाई म्हणजे छावणीच्या पाण्याची मोटर चालू ठेवणारा मिस्त्री.

"मेडिकलवाला इचारतोय त्याला, डॉक्टर, घरात इतकं आजारी कोण हाय?" पाशाभाई डोळे मिचकावून म्हणाला. "ताई, तुमीच सांगा, कोण आजारी हाय?"

सत्यभामा पाकिटं मोजत राहिली. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. ती छावणीतली अंगणवाडी चालवायची, आणि सगळी छावणी तिला 'ताई' म्हणायची. सत्तरीची म्हातारी माणसंसुद्धा. हा एकटाच 'अहो' नि 'ओ' वर भागवत होता.

*

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला तेव्हा हिवरमाळच्या दूध संस्थेनं माळावर ही छावणी काढली होती. पाचशे जनावरं, आणि त्यांच्यासोबत निम्मं गाव. सत्यभामाचे वडील सुंदरराव आपला हौश्या घेऊन तिथं आले, तेव्हा हौश्याचं वय झालेलंच होतं. आषाढात एका दुपारी तो खाली बसला तो पुन्हा उठला नाही. सुंदररावांनी त्याची वेसण घरी आणून खुंटीला अडकवली, आणि त्या भिंतीकडं बघायचं सोडून दिलं.

हौश्या साधा बैल नव्हता. तो मानाचा बैल होता. हिवरमाळच्या पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सगळ्यांच्या आधी मानाच्या घरचा बैल त्याच्याखाली येऊन उभा राहतो. तो मान वर करून तोरणाकडं बघतो, मग मान खाली घालतो, आणि मगच तोरण तुटतं. बैलानं बघितल्याशिवाय तोरण तोडायचं नाही, आणि बैल घरचाच पाहिजे, मागून आणलेला चालत नाही. मानाच्या घरातून एका वर्षी बैल आला नाही, की मान पुढच्या घरी जातो. परत येत नाही. सत्यभामाच्या घरात तो चार पिढ्या होता.

पुढचं घर आप्पारावांचं. दूध संस्थेचे चेअरमनही तेच. पोळ्याला बारा दिवस राहिले तेव्हा त्यांनी संस्थेच्या ओट्यावर चार जाणती माणसं बसवली आणि सुंदररावांना बोलावणं धाडलं. सोबत सत्यभामा गेली. वडिलांचा चेहरा बघून तिला त्यांना एकट्यानं सोडवेना.

"सुंदरराव, मला बी बरं वाटत न्हाई इचारताना," आप्पाराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त रीतीला पक्का. "पण यंदा तुमच्याकडून कोण येतंय?"

सुंदररावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बैल न्हाई तर न्हाई. मान तुमी—"

"बैल येईल," सत्यभामा म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

"कुठून?"

"आमच्या घरून."

"कापडाचा का काय?" कुणीतरी म्हणालं, आणि ओटा हसला.

सत्यभामाच्या मनात तोवर काहीच नव्हतं. पण त्या हसण्यानं तिची मान ताठ झाली. "हो. कापडाचा. आमच्या घरात शिवलेला. मग तो घरचाच की."

आप्पाराव हसले नाहीत. मिशीवरून हात फिरवत त्यांनी विचार केला. "कापडाचा तर कापडाचा. दुष्काळच तसा हाय. पण पोरी, त्यानं तोरणाकडं बघितलं पाहिजे. रंगवलेली बुबुळं चालायची न्हाईत. बघणारा बैल आण. मान तुमचा."

*

"बघणारा बैल," राधाकिशन म्हणाला. "अशी पैज लावली तुमी?"

"पैज न्हाई. शब्द दिलाय."

"कावून पण?"

"बापानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली म्हणून."

तिनं केलेला बैलाचा सांगाडा तो बघत राहिला. बांबूच्या कामट्या, त्यावर शिवलेली गोणपाटं, वर वडिलांच्या जुन्या पांढऱ्या धोतरजोड्यांचं कातडं. डोळ्यांसाठी तिनं दोन करवंट्या घासून पांढऱ्या रंगवल्या होत्या, त्यावर प्लास्टिकच्या फुगीर काचा बसवल्या होत्या, आणि आत दोन काळे उडीद सोडले होते. काचा तिनं मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणापासून केल्या होत्या. आधणात मऊ करून स्टीलच्या वाटीवर दाबल्या की झाल्या. आधणाचं पाणी नंतर भांड्यांना वापरलं होतं.

"कसा हाय?" तिनं विचारलं. तिला कौतुक हवं होतं.

"छान हाय. पण…"

"पण काय?"

"बैल न्हाई वाटत. घाबरलेलं माणूस वाटतंय."

तिच्या भुवया वर गेल्या. तो घाईघाईनं म्हणाला, "न्हाई म्हणजे… या तुमी. दाखवतो."

त्यानं तिला दावणीकडं नेलं. एक गाय शांतपणे रवंथ करत उभी होती. तो तिच्या एका बाजूला उभा राहिला, सत्यभामा दुसऱ्या बाजूला. मधे गाईचं लांब तोंड.

"जवळून बघा. बुबुळ गोल हाय का?"

तिनं बघितलं. गाईगुरांतच जन्म गेला होता, पण एवढ्या जवळून, एवढ्या वेळ, तिनं गाईच्या डोळ्यात कधी बघितलं नव्हतं. "न्हाई… आडवं हाय. आडव्या फटीसारखं."

"आता गंमत बघा." त्यानं मूठभर उसाचं वाढं जमिनीवर टाकलं. गाईनं मान खाली घातली. "तोंड खाली गेलं. बुबुळ कलंडलं का?"

सत्यभामा खाली वाकली. तोही वाकला. गाईचं तोंड पार मातीला टेकलं होतं, पण ती काळी फट होती तशीच, जमिनीला समांतर, पाण्याच्या पातळीसारखी.

"डोळा आतल्या आत फिरतो," तो हळू म्हणाला. "चरताना बी चहूकडं नजर राहावी म्हणून. मान कशी बी असो, नजर पातळीत."

"मान कशी बी असो…" तिनं पुन्हा म्हटलं. मग तिच्या लक्षात आलं, की त्या ओल्या काळ्या डोळ्यात ती स्वतः दिसतेय, इवलीशी. आणि तिच्यामागं… तो तर पलीकडं होता ना? कधी आला या बाजूला?

गाईनं पापणी मिटली. दोघंही एकदम सरळ झाले.

"सगळी छावणी तुमाला ताई म्हणती," तो बुटाच्या टोकानं माती उकरत म्हणाला. "मी म्हणून बघितलं. एकदा, एकट्यानं. जमंना."

"मग काय म्हणणार?"

"बघतो… सापडंल काहीतरी."

*

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तिला नीट सांगता आलं नसतं. संध्याकाळी अंगणवाडीची लेकरं आपापल्या आईबापांकडं गेली, की ती नि तो ताडपत्रीत बसत. समोर छबुबाई, तिची आई, तांदूळ निवडत बसलेली. निवडायचे तांदूळ मूठभर, पण निवडणं तासभर.

"गावाकडं कोण कोण असतं म्हणायचं, डॉक्टर?" छबुबाई सुपातून नजर न काढता विचारायची.

"आई हाय. थोरला भाऊ, वहिनी."

"शेती?"

"हाय थोडी. पाणी न्हाई."

"पाणी कुणाकडंच न्हाई," छबुबाई म्हणायची, आणि समाधान झाल्यासारखा एक खडा वेचून टाकायची.

डोळा असा जमला. पावडरच्या डब्याच्या झाकणाची गोल चकती कापली, मधोमध छत्रीची काडी आरपार घातली, आणि चकतीच्या खालच्या कडेला पाशाभाईनं दिलेला एक लहानसा नट चिकटवला. नटाचं वजन चकतीला नेहमी सरळ ठेवी. डोकं कसंही वाकवा, काजळानं काढलेलं आडवं बुबुळ पातळीतच. पापण्या गव्हाच्या कणकेच्या खळीनं चिकटवलेल्या उसाच्या पाचटाच्या, भुवया केरसुणीच्या. पापणी उघड-मीट करायला सायकलच्या ब्रेकच्या दोन तारा.

"दोन तारा कावून?" राधाकिशननं विचारलं.

"दोन डोळ्यांच्या दोन. पण एकाच कडीत बांधल्यात बघा. ओढलं की दोन्ही संगंच मिटतात. बैल एक डोळा मिटतो का कधी?"

"बैल न्हाई मिटत," तो म्हणाला, आणि ज्या पद्धतीनं म्हणाला ते ऐकून छबुबाईचं सूप जरा जोरात वाजलं.

पोळ्याला तीन दिवस राहिले असताना सत्यभामानं ते डोकं वाळायला म्हणून छावणीतल्या खांबावर लटकवलं आणि लेकरांना खिचडी वाढायला गेली. परत आली, तर आप्पारावांची कालवड खांबाला मान लावून निवांत चघळत उभी. बैलाचा एक कान नव्हता, दोन्ही पापण्या नव्हत्या, आणि एक डोळा तारेवर लोंबत होता.

कणकेची खळ, उसाचं पाचट! भुकेल्या जनावरांच्या छावणीत तिनं मेजवानीच टांगून ठेवली होती.

आप्पाराव तोवर येऊन पोचले होते. "आमच्या कालवडीला तुमचे डोळे लई गोड लागले, सुंदरराव," ते म्हणाले. कुणीतरी खिदळलं. सुंदररावांनी मान खाली घातली. सत्यभामानं ती खाली गेलेली मान बघितली. रडू आलं असतं, पण चार माणसांत रडायचं नाही हे तिचं ठरलेलं होतं. लहानपणापासून.

"मान राहू द्या, बाबा," ती घरी आल्यावर म्हणाली. "माझंच चुकलं. मीच बोलून बसले."

"तारा शाबूत हायेत," दारातून आवाज आला. राधाकिशन लोंबता डोळा हातात घेऊन उभा होता, जखमी पाखरू धरावं तसा. "चकती बी शाबूत हाय. खळीत कडुनिंबाचा रस घाला, जनावर तोंड लावणार न्हाई. पापण्या सायकलच्या ट्यूबच्या करू, पाशाभाईकडं ढीग हाय. तीन दिवस हायेत. आणि…" तो थांबला. "आणि तुमी दिलेला शब्द परत घेतलात, तर मला लई वाईट वाटंल. सत्यभामा."

नुसतं नाव. मागं-पुढं काही नाही. दाराची कडी वाऱ्यानं वाजली. सुंदररावांनी मान वर करून एकदा मुलीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि बऱ्याच दिवसांनी खुंटीवरच्या वेसणीकडं.

"निंबाचा पाला मी आणतो," ते म्हणाले.

*

एक अडचण उरली होती. बैलाच्या आत कोण जाणार? मागच्या पायांना पाशाभाई आपणहून तयार झाला. "पर मैं लात मारा तो बोलू नको, आधीच सांगतो." पुढं कोण? मानाच्या बैलाचा कासरा घरच्या मालकाच्याच हातात असतो, तेव्हा सुंदरराव बाहेर. घरात दुसरा पुरुष नाही.

"बैल मान कशी वर करतो, ते मी रोज बघतो," राधाकिशन म्हणाला. "मी जातो."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. दिवस कलताना बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि कानात सांगायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' घराच्या अंगणात खाटेच्या आधारानं पांढराशुभ्र बैल उभा होता. शिंगांना बेगड, गळ्यात हौश्याचीच घुंगरमाळ, नाकात हौश्याचीच वेसण. लोणी कुठलं असणार? सुंदररावांनी कापडी खांद्यांवर नुसतं हळदीचं बोट ओढलं, आणि बराच वेळ हात तिथंच ठेवला. मग डोळे पुसत ते आत गेले.

सत्यभामा पुढं झाली. कडुनिंबाच्या वासाच्या कानाशी तिनं ओठ नेले.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," ती कुजबुजली. मग इकडं-तिकडं बघितलं. कुणीच नव्हतं. "आणि… उद्या तुझ्या पोटात जो बसणार हाय ना, त्याला बी सांग. नुसतं उद्याच नको. त्याला म्हणावं—"

वाक्य पुरं झालं नाही, कारण बैलानं हळूच पापण्या मिटल्या. आणि उघडल्या.

"ऐकतोय," बैल म्हणाला. "सांगा की पुढं."

"अगं बाई!" ती दोन पावलं मागं सरली. "तुमी आत कवा गेलात?"

"तारा बघायला गेलतो… मग तुमचे बाबा आले. ते रडत हुते. कसा बाहेर येणार? मग तुमी आलात." गोणपाटाच्या आत तो घामाघूम झाला असणार. आवाजच तसा होता. "पुढचं काय ते सांगा ना."

"पुढचं काई न्हाई!" ती म्हणाली आणि आत पळाली. आयुष्यात पहिल्यांदा पळाली.

*

पोळ्याच्या दिवशी आभाळ कोरडं ठक्क होतं, पण वेस माणसांनी भरली होती. शेजारच्या दोन वाड्यांवरूनही लोक आले. कापडाचा बैल बघायला, खरं तर हसायला.

हलगी वाजली. कासरा धरून, पांढरा पटका बांधून सुंदरराव आले. त्यांच्यामागं बैल. चाल अगदी डौलदार, थोडी जडशी, म्हाताऱ्या हौश्यासारखीच. मागचे पाय अधूनमधून चुकत होते, पण हसू आलं नाही कुणाला. तोरणाखाली बैल थांबला. हलगी थांबली.

सत्यभामा ओवाळणीचं ताट घेऊन आईशेजारी उभी होती. नट निसटला तर? काच धुरकटली तर? रात्रीतून कुठं काही सैल झालं असलं तर? सकाळी तिनं दोन्ही डोळे तीनदा नाही, तीस वेळा ओढून बघितले होते. तरीही.

बैलानं मान वर केली. सावकाश. ट्यूबच्या काळ्या पापण्या वर गेल्या, आणि मान तिरकी असूनही दोन्ही आडवी बुबुळं सरळ राहिली. स्थिर, शांत. उन्हात काच ओली चमकली. बैल तोरणाकडं बघत होता. खरंच बघत होता.

पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडले. मग दुसऱ्या कुणी. आप्पाराव एक पाऊल पुढं आले, डोळ्यांपुढं वाकून बघितलं, आणि मागं सरले.

"मानलं, पोरी," ते मोठ्यानं म्हणाले. "बैल बघतोय." टाळ्या सुरू होणार तोच त्यांनी हात वर केला. "पण रीत ती रीत. बैल घरचा लागतो. कापड घरचं, मान्य. बघतोय तो आतला. त्यो कुणाच्या घरचा? त्यो तर दिंद्रुडचा."

सुंदररावांच्या हातातला कासरा सैल पडला. बैलाच्या पोटात कुणीतरी श्वास रोखून धरल्याचं जवळच्यांना ऐकू आलं.

सत्यभामानं आईच्या हातात ताट दिलं. ती चालत तोरणाखाली आली, सगळ्या गावासमोर. मान ताठ होती, नजर पातळीत.

"आप्पाराव काका, खांदेमळणीचं आवतण कुणाला देतात?"

"घरच्या बैलाला. दुसऱ्याच्या बैलाला कोण देतंय?"

"मग काल सांजच्याला मी दिलंय. याच्या कानात." तिनं बैलाच्या कपाळावर हात ठेवला. आवाज एकदाच कापला, मग कापला नाही. "आत कोण हाय ते जाणून न्हाई दिलं, ते खरं. पण जाणून घेतल्यावर… परत बी घेतलं न्हाई. घरचाच हाय तो."

आप्पारावांनी मिशीला हात लावला. मिशीआड काहीतरी हलत होतं. "सुंदरराव, ऐकलंत का? पोरगी काय म्हणती?"

सुंदररावांनी लेकीकडं पाहिलं. मग कासरा घट्ट धरला आणि कापडी खांद्यावर दोनदा थोपटलं, हौश्याला थोपटायचे तसं.

"घरचा हाय," ते म्हणाले. चार पिढ्यांचा आवाज होता तो.

बैलानं रीतीप्रमाणं मान खाली घातली. बुबुळं पातळीत राहिली. आणि मग सगळ्या हिवरमाळच्या देखत, सत्यभामाकडं बघत, बैलानं एक डोळा मिटला. फक्त एक. डावा.

मग छबुबाईच आधी हसली. ताट हलेपर्यंत हसली. मग वेस फुटली. हलगी कडाडली, तोरण तुटलं, आणि बैलाच्या मागच्या पायांतून आवाज आला, "अरे आगे बढो जी, इदर दम घुटरा!"

*

दुपारी ओसरीवर बैलाचं डोकं खांबाला टेकवून ठेवलं होतं. पाशाभाई दोन तांबे पाणी पिऊन, पोळी खाऊन गेला. राधाकिशन भिंतीला टेकून बसला होता. केस घामानं कपाळाला चिकटलेले, गालावर कडुनिंबाचा हिरवा डाग. सत्यभामानं त्याच्यापुढं पुरणपोळीचं ताट ठेवलं.

"तार कवा सोडवली कडीतून?"

"काल. आवतण अर्धं सोडून पळालात तवा. म्हटलं, उत्तर तर द्यायला पाहिजे." त्यानं पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "गुरुवारी आईला घेऊन येऊ का?"

"या की. पण राधेचं काय करणार?"

"नावात राहू दे तिला. आईनं ठेवलंय नाव, आता कुठं बदलू?"

"नावात राहू दे," सत्यभामा उदारपणे म्हणाली. "घरात जागा न्हाई."

आत छबुबाई उगीचच भांडी वाजवत होती. खुंटी रिकामी होती, आणि सुंदरराव त्या भिंतीलाच टेकून, पटका न काढता डुलकी घेत होते. राधाकिशननं तुकडा तोंडात घातला, चावला, आणि मग जरा घाबरत विचारलं,

"आणि… उद्याचं आवतण?"

तिनं बैलाचा मिटलेला डावा डोळा बोटानं हळूच उघडला. सवयीनं तीनदा ओढून बघितला. घट्ट होता.

"आवतण आमी वर्षातून एकदाच देतो," ती म्हणाली. "बाकीच्या दिवशी घरच्यानं आपलं आपण यायचं."